‘तारकाप्रकाश’ या शब्दाचा उपयोग

“मग ‘तारकाप्रकाश’ हा शब्द कोशात घ्यायचा की गाळायचा, बुवा?”

धुंडीनाथबुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होते. सूप धरायची सवय नव्हती. खड्यांबरोबर तांदूळही खाली सांडत होते. हे काम त्यांच्या बायकोचं, माईंचं. माईंना जाऊन महिना झाला होता.

विचारणारा त्रिविक्रम याच मठात वाढलेला. माईंच्या हातचं जेवून शहाणा झाला आणि शहरात जाऊन मोठा कोशकार झाला. निरोप पोचूनही माईंच्या मातीला आला नाही. आज आला, तो कागदांचं भेंडोळं घेऊन.

“अर्थ काय लिहिलास?”

“ताऱ्यांपासून येणारा उजेड.”

“बरोबर आहे.”

“अर्थ कुणीही लिहील. उपयोग दाखवावा लागतो. या उजेडात वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. हा शब्द कुणी वापरेल कशाला?”

बुवांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा.

त्रिविक्रमला ते सोसवेना.

“रागावलात?”

“नाही रे.”

“‘ड’ची पानं त्याच दिवशी छापायला जायची होती. वाटलं, माझ्यावाचून काही अडणार नाही.”

“अडलं.”

“म्हणजे?”

“पोटी मूलबाळ नसलं तर माती शिष्यानं द्यायची. चेहऱ्यावरचं वस्त्र त्यानं बाजूला करायचं, सगळ्यांनी पाहून घ्यायचं, मग पहिली मूठ त्याची. आपल्या मठाची रीत. विसरलास?”

त्रिविक्रमनं कागदांचं भेंडोळं घट्ट धरलं.

“सकाळपासून तिच्याजवळ बसून होतो. लोक म्हणाले, बुवा, वस्त्र तुम्हीच काढा. म्हटलं, तो येईल… दिवस मावळला. म्हटलं, येईलच… अमावस्या होती. वाऱ्यात कंदील टिकेना.”

“मग?”

“मग मीच काढलं.”

त्रिविक्रमच्या हातून कागद निसटले. एवढा मोठा माणूस ओसरीवर हुंदके देऊन रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “माईंचा चेहरा… शांत होता का हो?”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“तारकाप्रकाशात माती देता येते, त्रिविक्रमा. चेहरा दिसत नाही.”