पडद्याला विचारलेला प्रश्न

एकदा एक तरुण डॉक्टर एका वृद्ध नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली डोळ्याच्या पडद्याची परीक्षा करायला शिकत होता. रुग्णाच्या खालच्या पापणीशी केसासारखी बारीक तार लावायची आणि त्याला संगणकावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींकडे बघायला सांगायचं. काळीच्या जागी पांढरी, पांढरीच्या जागी काळी अशी त्यांची सारखी अदलाबदल होते. पडदा जिवंत असेल तर तो प्रत्येक अदलाबदलीला विजेचं इवलंसं उत्तर देतो आणि यंत्रावर लाट उमटते. शिष्याचा या कामात हात बसला होता. जरा जास्तच बसला होता, कारण हात बसला की डोकं रजेवर जातं.

त्या दिवशी सरूबाई पटवेकर आली. मणी ओवण्यात तिचा जन्म गेलेला, आणि आता काचबिंदू तिची नजर खात होता. पडद्यात जीव असेल तर शस्त्रक्रिया करून उरलेली नजर राखायची, नसेल तर म्हातारीला उगाच त्रास द्यायचा नाही, असं ठरलं होतं.

"डॉक्टर, चष्मा काढू?" तिने विचारलं.

"काढा मावशी, तार लावायला बरं." दुसऱ्या एका परीक्षेत नुसता उजेड चमकवतात, तिथे चष्मा काढतात. त्याला तीच सवय होती.

"समोर बघताय ना?"

"बघतेय की."

रेषा सपाट आली. त्याने पुन्हा परीक्षा घेतली, पुन्हा सपाट. त्याला फार वाईट वाटलं. व्हरांड्यात येऊन त्याने तिला हळूच सांगितलं, "मावशी, पडद्यात आता जीव उरला नाही." हातातला चष्मा तिने त्याच्या डबीत घातला आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिला.

गुरूंनी ती रेषा पाहिली. "तिला काय दिसत होतं?"

"समोर बघत होत्या, सर."

"ते नाही विचारलं मी. बस खुर्चीत."

शिष्य गोंधळून बसला. गुरूंनी त्याला तार लावली, त्याचा जाड भिंगांचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि यंत्र सुरू केलं. रेषा सपाट.

"अरेरे! एवढ्या तरुण वयात पडदा गेला. उद्यापासून येऊ नकोस."

शिष्याला हसू आलं, आणि लगेच ते विरलं. समोर चौकटी नव्हत्याच, नुसता मळकट राखाडी रंग होता. गुरूंनी चष्मा त्याच्या नाकावर परत चढवला. लाट उसळून आली.

"उजेडाला चष्मा लागत नाही, नक्षीला लागतो," ते म्हणाले. "चौकटी एकमेकींत विरघळल्या, तर त्यांची अदलाबदल पडद्याला कळणार कशी? तुझा प्रश्न तिथवर पोचलाच नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणून तू पडद्याला मेलेला ठरवलंस. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो, बाबा."

शिष्य व्हरांड्याकडे धावला. सरूबाई अजून बाकावरच होती.

"मावशी, चष्मा घाला. माझं चुकलं."

"आता कशाला? तुम्हीच म्हणालात ना."

त्याने तिच्या पिशवीतून चष्मा काढला, स्वतःच्या कोटाला पुसला आणि तिला आत आणलं. तार लावली. या वेळी त्याने 'बघताय ना' असं विचारलं नाही.

"मावशी, काय दिसतंय?"

"चौकटी. काळ्या-पांढऱ्या. नाचतायत मेल्या!"

"आणि मघाशी?"

"मघाशी नुसती राख होती. मला वाटलं, तेच बघायचं असतं."

यंत्रावर लाट उमटली. बुटकी होती, पण होती.

"सांग तिला," गुरू म्हणाले. शिष्य वाकून त्या लाटेकडेच बघत राहिला. ते पाहून सरूबाई घाबरली.

"काय झालं, डॉक्टर? चष्मा काढू का?"

"नको मावशी," तो म्हणाला. "आता घालूनच ठेवा."