तारवलीची माहेरवाट

आमच्या तारवलीच्या खाडीत हे खुंट दिसतात ना, या काठापासून त्या काठापर्यंत रोवलेले, ते जाळे बांधायचे. नीट बघा, मधे जागा सोडलेली आहे. पाहुण्यांना वाटते खुंट मोडून पडले आणि आळशी लोकांनी परत रोवले नाहीत. तसे नाही. त्या जागेला माहेरवाट म्हणतात. तिथे खुंट रोवायचा नाही, जाळे बांधायचे नाही. बांधले तर घरची लेक घरी पोचत नाही, असे सांगतात.

पूर्वी म्हणे या खाडीत पाला मासा इतका चढायचा की पाणी चांदीसारखे हलायचे. आषाढात समुद्र सोडून मासळी गोड्या पाण्याकडे निघते, पोटात गाभोळी घेऊन, अंडी टाकायला. आमच्या जुन्या बायका तिला माहेरवाशीणच म्हणायच्या. पहिलटकरीण जशी बाळंतपणाला आईकडे येते, तशी ही येते. तेव्हा जाळी थोडी होती, सगळी खाडी अडवायची म्हटली तरी कुणा एकट्याला जमले नसते. त्यामुळे अर्धी मासळी माणसांना मिळायची, अर्धी वर जायची. त्यात कुणाचे पुण्य नव्हते, जाळीच अपुरी होती.

त्या काळी पदाजी तांडेल हा गावाचा पुढारी. त्याची एकुलती लेक हौसा. तिला खाडीच्या तोंडावरच्या बंदरपाड्याला दिली होती, मोठ्या गलबतवाल्यांच्या घरी. व्याही बोलायला तिखट. लग्नातच म्हणाले होते की तारवलीचे जेवण म्हणजे पानात मासा कमी आणि काटे जास्त. ते पदाजीच्या मनाला लागले. हौसाला दिवस गेले, आषाढात माहेरी ओटी भरायची ठरली. पदाजीने ठरवले, व्याह्यांच्या एकाही पानात गाभोळी नाही असे होता कामा नये. त्याने घरोघरची जाळी मागून आणली, एकाला एक जोडली, मधेही खुंट रोवले आणि काठापासून काठापर्यंत खाडी बंद केली.

गावातल्या कुणी त्याला अडवले नाही. का अडवतील? वाटा सगळ्यांना मिळणार होता. त्याची बायको बारकूबाय तेवढी बोलली.

"हौसाच्या बा, बाळंतपणाला निघालेलीला दारात कुणी अडवतं का?"

पदाजी हसला. "मासळीला कुठलं गो माहेर?" म्हणाला. काठावर बसलेले सगळे हसले. मग पहिले जाळे वर आले आणि बोलायला कुणाला वेळच उरला नाही. इतकी मासळी निघाली की मीठ पुरले नाही. पोटे फाडून गाभोळी तेवढी काढली, बाकीची मासळी चिखलात टाकली. दोन दिवस गावाला वास येत होता. पोट भरलेल्याला वास लागत नाही, एवढेच.

ओटीच्या आदल्या दिवशी तिकडे बंदरपाड्याला हौसाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सासू म्हणाली, पहिले बाळंतपण माहेरीच व्हायला हवे, आईच्या हाताखाली. तिला होडीत घातली, वल्ह्यावर धाकटा दीर बसला. भरती होती, पाऊस धो धो. दिराला खाडी पाठ होती, मधली वाट नेहमी मोकळी असायची. आता ती बंद आहे हे त्याला कुणी कळवले नव्हते. मधल्या खुंटांची टोके पाण्याखाली गेली होती. होडी वेगाने आली आणि जाळ्यात शिरली. वल्हे गुंतले, दोर तळाला आवळले. त्याच्याकडे कोयता नव्हता, आणि तशा बाईला सोडून पोहत जाणार कुठे? तो ओरडत राहिला. पावसाने त्याचा आवाज खाल्ला.

काठावरून होडी दिसत नव्हती. काठाचे खुंट हलताना तेवढे दिसत होते, दोर तटतट ताणले जात होते. माणसे जाळ्याकडे निघाली, तेव्हा पदाजीने त्यांना थांबवले.

"हात लावू नका. मोठी भरलेली दिसते. ओहोटी लागू दे, तोवर आणखी येतील."

माणसे थांबली. तांडेलाचा शब्द होता, आणि लोभ प्रत्येकाचा स्वतःचा होता. पाणी उतरेपर्यंत ती सगळी काठावर बसून तंबाखू मळत होती असे सांगतात.

पाणी उतरले, पाऊस निवळला, तेव्हा होडी दिसली. दिराचा आवाज बसला होता. पोर होडीतच जन्मले होते, ते रडत होते. हौसा गेली होती.

बारकूबायने नातवाला पदरात घेतले. नवऱ्याला एवढेच म्हणाली, "अडवलीस ना दारात." त्यानंतर मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

पदाजीने त्याच दिवशी जाळे कापले आणि मधले खुंट स्वतःच्या हातांनी उपटले. पुढे दर आषाढात तो त्या जागेशी होडी लावून बसायचा. पाण्यात मासळी उसळली की हळूच म्हणायचा, "ये बाय, वाट मोकळी हाय." लोक म्हणत म्हातारा भ्रमिष्ट झाला. तो गेल्यावर मात्र त्याची जागा रिकामी बघवेना, म्हणून गावातल्या बायका तिथे जाऊ लागल्या. काठावर बसून तंबाखू मळणाऱ्यांच्याच या बायका.

आजही तारवलीत गाभोळी कुणी खात नाही. आजही माहेरवाटेत खुंट रोवत नाहीत. पण खाडीच्या तोंडाबाहेर आमच्याच पोरांची इंजिनाची होडकी उभी असतात, त्यांच्या जाळ्यातून शेंगदाणा सुटायचा नाही. बोटाएवढी पिल्ले टोपलीत येतात आणि आम्ही बायकाच ती बाजारात नेऊन विकतो. तिथे अडवले तर नियम मोडत नाही, कारण नियम या वाटेचा आहे. असे म्हणतात गावातले शहाणे. पाला शेवटचा कधी चढला ते आता म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही.

तरी आषाढात आम्ही होडीतून जातो, तांदूळ, खण आणि नारळ पाण्यात सोडून ओटी भरतो आणि "ये बाय" म्हणतो. तांदूळ बुडतात. खण वाहून जातो. नारळ भरतीबरोबर वर जातो आणि ओहोटीला फिरून काठाच्या चिखलात येऊन बसतो. परत आलेल्या ओटीचा नारळ कुणी फोडत नाही. आमच्यातली एखादी तो उचलून झाडाखाली ठेवते, आणि ती उचलत असताना बाकीच्या बायका दुसरीकडे बघतात.