तिसरी हाक

"म्हंजी पेशीतबी कुणी हाक मारतं?" रेवणबुवांनी विचारलं.

मठात पंगत उठली की बुवा दारात जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून तीनदा ओरडायचे, "कुणी उपाशी हाय का?" कुणी ओ दिली, तर कोठी उघडून धान्य काढायचं. तिन्ही हाकांना ओ आली नाही, तरच बुवा स्वतः जेवायचे.

"मारतं ना," डॉ. मृणाल चौबळ म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्यांनी यावरच संशोधन केलं होतं, आणि ते त्या समोरच्याला विसरू देत नसत. "एक एन्झाइम आहे. पेशीतली ऊर्जा कमी पडली की ते जागं होतं. नवी चरबी साठवणं थांबवतं, साठलेली जाळायला काढतं."

"अन् भरपूर असली तर?"

"गप्प बसतं." त्यांनी घड्याळात पाहिलं. "मी त्याला गप्प बसू देत नाही."

"म्हंजी?"

"दिवसभर नुसतं पाणी. संध्याकाळी चार घास. अकरा महिने झाले."

बुवांनी बोटांच्या पेरांवर अकरा महिने मोजले.

"वडील गेले ते यकृतावर चरबी साठून. बावन्नाव्या वर्षी." मृणालबाईंचा आवाज बारीक झाला. "मला सोमवारी बावन्नावं लागतंय, बुवा. रिपोर्ट चांगले आहेत, तरी भीती जात नाही. दिवसातून चार वेळा वजन करते. एक घास जास्त गेला तर झोप लागत नाही."

"त्या तुमच्या एन्झाइमाला भीती वाटती का?"

"त्याला कशाला वाटेल? किती आहे, किती नाही, एवढंच ते बघतं."

"अन् भरलं की गप बसतं."

"हो."

"शहाणं हाय."

मृणालबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला.

बुवा उठून दारात गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, पहाटेपासून पोटात काही नव्हतं.

"कुणी उपाशी हाय का?"

रस्ता मोकळा होता.

"कुणी उपाशी हाय का?"

...

"कुणी नाही, बुवा," मृणालबाई मागून हळूच म्हणाल्या. "जेवून घ्या आता."

बुवा वळले. रस्त्याकडे पाठ केली. बाई चार हातांवर बसल्या होत्या, तरी आवाज तोच लावला, वेशीपर्यंत जाणारा.

"कुणी उपाशी हाय का?"