मिशीचं काजळ आणि मठाची घंटा

सांगा बरं, ज्याच्या कमरेला तुरुंगाच्या किल्ल्या आहेत, त्याला त्याचे दोष तोंडावर कसे सांगाल? मला विचाराल तर मी "दोष कसले साहेब, तुमची मिशी काय झोकदार!" म्हणून घरी पळून येईन. पण देवखाडीच्या मठातल्या धर्मभगिनींना पळायची सोय नव्हती. एकदा मठात आल्या की त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

देवखाडी म्हणजे पोर्तुगीज अमलातला समुद्रकाठचा किल्ला. तिथला कप्तान दों जेरोनिमो एका शुक्रवारी मठाच्या भेटीच्या खोलीत येऊन बसला. जाळीच्या अलीकडे तो, पलीकडे मुख्य मदर ब्रिजिदा आणि सगळ्या धर्मभगिनी.

"मदर, तुमची घंटा उद्या उतरवणार! वितळवून तोफ ओतायचीय. वर माझं नाव कोरायचंय."

मदर घाबरल्या. "साहेब, ती घंटा कोळ्यांनी दिलीय. धुक्यात त्यांच्या होड्या तिच्या आवाजावर किनारा गाठतात. माणसं बुडतील! तुमची चूक होतेय."

"चूक? माझी? आख्ख्या किल्ल्यात आजवर कुणी माझी एक चूक दाखवली नाही!" कप्तान मिशीवर हात फिरवत म्हणाला. "दिवस मावळायच्या आत माझे दोष मला तोंडावर सांगा, घंटा ठेवून जातो. मात्र माझ्याबद्दल एक जरी वावगा शब्द निघाला, तर घंटा जाईल आणि बोलणारीही तुरुंगात जाईल!"

दोष तर सांगायचे, पण वावगं बोलायचं नाही! जाळीपलीकडे सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मठाच्या नियमाप्रमाणे त्या एरवीही मौनातच असत.

तेवढ्यात मठाची स्वयंपाकीण नातालीन, दाराआडून सगळं ऐकून, कप्तानासाठी कोकमाचं सरबत घेऊन आली. मासळी द्यायला येणाऱ्या कोळणींकडून किल्ल्यातल्या साऱ्या बातम्या तिला कळत. अंगाने अशी भरलेली, की दारातून आधी पेला आला, मग पोट, मग ती.

"मदर," जाळीच्या झरोक्यातून पेला कप्तानाला देत ती म्हणाली, "आज शुक्रवार. अपराध सांगायची वेळ झाली. माझी पाळी आधी घ्या बाय, चुलीवर भात आहे."

मठाची तशी रीतच होती. दर शुक्रवारी प्रत्येकीने गुडघे टेकून आपले अपराध सर्वांदेखत मोठ्याने सांगायचे. बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, रागवायचं नाही. शेवटी मदर प्रायश्चित्त देत. खुद्द मदरही गुडघे टेकत, आणि त्यांचीच यादी सगळ्यांत लांब असे!

"सांग," मदर म्हणाल्या.

नातालीन कण्हत गुडघ्यांवर बसली. "मदर, मी पापीण. उपदेश चालू झाला की मी देवळात घोरते, आणि जागी झाले की म्हणते, 'ध्यान लागलं होतं.'"

एक धर्मभगिनी खुदकन हसली. कप्तानाने पेला खाली ठेवला.

"गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांना मी उन्हात उभं करते आणि आत पोपटाशी गप्पा मारते."

"पोपट?" कप्तान म्हणाला.

"कोळणींच्या पाटीतला पापलेट उचलते आणि म्हणते, 'देव तुमचं भलं करो.' देवाच्या नावावर माझी उधारी फार झालीय, मदर! शिवाय पिकलेल्या मिशीला काजळ लावते."

"तुला कुठे मिशी आहे गं?" कप्तान ओरडला.

"आहे की साहेब! उजेडात या, दाखवते. ह्या वयात केस डोक्यावरून ओठावर उतरतात. नवरा असता तर त्यालाच माझा हेवा वाटला असता!"

आता जाळीपलीकडे कुणालाच मौन पाळवेना.

नातालीनचा आवाज मात्र हळू झाला. "आणि शेवटचं, मदर. तोफेवर माझं नाव झळकावं म्हणून मी कोळ्यांची घंटा वितळवायला निघाले. धुक्यात कोण बुडेल, याचा विचारच नाही केला."

कप्तान ताडकन उठला. "बस! ही सगळी पापं माझी आहेत!"

नातालीनने हात जोडले. "साहेब, हे मी नाही बोलले हं. तुम्हीच बोललात!"

कप्तानाचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. रागवावं तर कुणावर? ती बिचारी स्वतःलाच नावं ठेवत होती! मग तो असा हसला, असा हसला, की डोळ्यांतलं पाणी मिशीवर उतरलं आणि काजळ हनुवटीवर आलं.

"घंटा राहू दे!" तो म्हणाला. "मदर, प्रायश्चित्त सांगा. तिला नको, मला!"

"उद्या पहाटेची घंटा तुम्ही वाजवा," मदर म्हणाल्या. "आणि कोळणींना पापलेटाचे पैसे द्या."

"कबूल! आणि नातालीन, तुला काय बक्षीस हवं? सोन्याची साखळी?"

"साखळीला माझा गळा सापडायचा नाही, साहेब. मला एक दिवस घंटा झाल्यावरही झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे कप्तानाने स्वतःच्या हाताने घंटा वाजवली, सगळ्या धर्मभगिनी प्रार्थनेला उठल्या, आणि नातालीन कूस बदलून पुन्हा झोपली.