शिंप्याचा तंबू

एका डोंगराच्या पायथ्याशी एक शिंपी राहत होता. आपली शिवण कधी उसवत नाही, असं तो ज्याला त्याला सांगत असे.

एकदा त्याची मुलगी गोदू म्हणाली, "बाबा, पठारावर फुलं आलीत म्हणे. आपण रात्रभर तिथंच राहू या ना."

घराबाहेर रात्र काढायची शिंपी, शिंपीण आणि गोदू या तिघांची ही पहिलीच वेळ. शिंप्याने जाड कापड आणून तंबू शिवला. शिंपीण शिदोरीच्या तयारीला लागली. काम करता करता ती म्हणाली, "आधी अंगणात उभारून बघू. वरून घागरभर पाणी ओतू."

"माझ्या शिवणीवर पाणी?" शिंपी दुखावला. "शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत. आपली पोर आत निजणार आहे."

शिंप्याने अंगणात तंबू ठोकला आणि ऐटीत आत जाऊन बसला. शेजारी गंमत बघायला जमले. शिंपिणीने घागर ओतली. आधी एक थेंब शिंप्याच्या नाकावर पडला, मग दुसरा, मग धारच लागली. लोक पोट धरून हसले.

शिंपी निथळत बाहेर आला. "गुंडाळून ठेव तो तंबू," तो हळूच म्हणाला. "कुठं जायचं नाही." गोदूचा चेहरा उतरला.

शिंपिणीने त्याच्या हातात पंचा दिला. "अहो, इथं गळला ते बरंच झालं की. इथून घर चार पावलांवर आहे. पठारावर गळला असता, तर पोरीला घेऊन कुठं धावलो असतो?"

शिंप्याने पंच्याने तोंड पुसलं. मग त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर त्याने शिवण उसवायला घेतली. कापड दुमडून दुहेरी टाके घातले, वरून मेण चोळलं. पुन्हा पाणी ओतलं, तर एक कोपरा गळला. लोक पुन्हा हसले, पण जरा कमी. शिंप्याने तो कोपराही उसवला.

पुढे ते पठारावर गेले. संध्याकाळी चांगलीच सर आली. तंबूत बसून तिघांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि कोरड्या अंथरुणावर गोदू बोलता बोलता झोपी गेली.

सकाळी धुकं हललं. नजर जाईल तिथवर जांभळी फुलं होती. शिंपिणीने तीन दगडांची चूल पेटवली होती. तिने मान वर केली आणि चहाचं आधण ठेवायचंच विसरली.

तात्पर्य: चूक व्हायचीच असेल, तर ती आपल्या अंगणात होऊ द्यावी. चार लोक हसतील, पण सुधारायला वेळ मिळेल.