झुंबर आणि झिजणारं लोखंड

एका माळावरच्या गावात झुंबर नावाचा एक भोळा रखवालदार होता. गावाखालून तेलाचा मोठा नळ गेला होता. तो गंजू नये म्हणून माळावर विजेची एक पेटी बसवलेली होती, आणि झुंबर तिची राखण करायचा. पेटीची एक तार नळाला, दुसरी खड्ड्यात पुरलेल्या भंगाराला. भंगार झिजायचं, नळ वाचायचा. हे कसं होतं ते झुंबरला कळत नव्हतं. साहेब सांगतील ते करायचं, एवढं कळत होतं.

पेटी आली आणि गावचा पाण्याचा नळ गळायला लागला. बायका कावल्या. पेटीचं काम बघणारे नाडगौडा साहेब धावत आले.

"पेटीची वीज मातीत भटकते नि गावच्या नळात शिरते. बाहेर पडताना त्याचं लोखंड खाते," साहेब म्हणाले. "दोन्ही नळ तारेनं जोडून टाकू. भटकणारं तारेनं बांधलं की सरळ घरी परत जातं."

"बरं, साहेब."

शेजारच्या दगडूची म्हैस रोज भटकत येऊन झुंबरचा कडबा खायची. झुंबरनं ती तारेनं आपल्या दाराच्या चौकटीला बांधली. म्हैस सरळ घरी परत गेली. चौकट घेऊन.

"दार कुठंय?" बायकोनं, कौतिकानं, विचारलं.

"शेजारी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "तार काय म्हशीला बांधतात? हे बघ," नळाच्या नव्या तुकड्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "जपायचं म्हणजे आधी डांबराचा जाड थर द्यायचा. कुठं उघडं ठेवायचं नाही."

"बरं, साहेब."

त्याच आठवड्यात सासरे मुक्कामाला आले. कौतिका बाजाराला निघाली. "बाबांना जपा," म्हणाली. परत आली तर बाबा ओट्यावर बसून शिव्या देत होते, गुडघ्यापर्यंत काळे.

"मधेच जागे झाले," झुंबर म्हणाला. "नाहीतर पुरं झालं असतं."

कौतिकानं रॉकेलनं बापाचे पाय पुसले. गोष्ट कानावर जाताच साहेब कडाडले.

"माणसाला हात लावायचा नाही, जनावराला लावायचा नाही. तुझा संबंध फक्त लोखंडाशी. आता चुकलास तर नोकरी गेली."

झुंबरला घास गोड लागेना. नोकरी गेली तर कौतिकाला काय तोंड दाखवायचं?

पुढं खड्ड्यातलं भंगार झिजून संपलं. पेटीवरचा काटा खाली आला. साहेबांनी जेसीबी बोलावून मोठा खड्डा खणून घेतला. मग पेटीच्या आवाराच्या भिंतीकडे हात केला. "तिथं नुसतं उभं आहे ना, ते लोखंड खड्ड्यात घाल. तार नीट जोड नि माती लोट." आणि नळाची पाहणी करायला ते पायीच पुढे गेले.

झुंबरनं निरखून पाहिलं. जुने लोखंडी खांब भिंतीला टेकले होते. नुसती उभी होती ती साहेबांची जीप.

"ही पुरायची?" जेसीबीवाल्यानं विचारलं.

"लोखंड आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

साहेब परतले. आधी पेटीपाशी गेले. काटा बरोबर जागेवर आला होता.

"शाबास, झुंबर. असं काम पाहिजे."

झुंबरचा ऊर भरून आला. साहेबांनी खिशातून किल्ली काढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"जीप कुठाय रे?"

"नळासाठी झिजतेय, साहेब."