ताम्रपटाची जागा

एकदा एका डोंगराखालच्या नगरीत कोळशाचा एक व्यापारी राहत होता. त्याच्या भट्ट्यांचा कोळसा सात देशांत जाई. त्यावर लोहारांच्या भट्ट्या पेटत आणि राजवाड्यांतले अंघोळीचे पाणी तापे. माणूस मनाचा चांगला होता. स्वतःविषयी चांगले ऐकायला त्याला जरा जास्तच आवडे, एवढेच.

त्याची नवी सून दुपारी वृद्ध आचार्यांकडे शिकायला जात असे. लग्नाला चार महिने झाले होते. म्हणजे पाहायचे सगळे आणि बोलायचे बेताने, असे ते दिवस. व्यापारी परदेशी गेला असताना, नगरीच्या रीतीप्रमाणे ती डोंगरातल्या झऱ्याला हळदकुंकू वाहायला गेली. तिथे झऱ्यावरच्या राईतल्या प्रत्येक झाडाला गेरूचा पट्टा ओढलेला तिने पाहिला. आपल्या येण्यासाठीच झाडे सजवली, असे तिला वाटले. तिने हौसेने एका जांभळीला कुंकूही लावले.

भट्टी राखणारी ठमाई ते पाहून पोट धरून हसली. "अगं बाई, ही तोडायची खूण हाय! तुझ्या सासऱ्यानं लावून ठिवलीया. पुनवंला कुऱ्हाडी येत्यात." मग तिचे हसू ओसरले. "ही राई गेली की झरा आटंल. मग खालची समदी नगरी काय पिणार, देव जाणे."

सुनेने ही गोष्ट घरी काढली नाही. आचार्यांना मात्र सांगितली. ते नुसते "हं" म्हणाले आणि त्यांनी धडा पुढे सुरू केला.

त्याच आठवड्यात व्यापारी समुद्रापलीकडच्या परिषदेहून परतला. सात देशांच्या राजांसमोर त्याने शपथ घेतली होती: बारा वर्षांत आपल्या भट्ट्यांचा धूर थांबवीन, देशोदेशी पवनचक्क्या उभारीन, दूरच्या उजाड बेटांवर लाखभर रोपे लावीन. शपथ ताम्रपटावर कोरून घेतली होती. तो पट आणि सून, दोघांना घेऊन तो आचार्यांकडे आला.

"आचार्य, हा आपल्या हाताने लावावा. राजद्वारी लावू या की बंदरावर? बंदरावर परदेशी जहाजे येतात."

आचार्यांनी पट हातात घेऊन तोलला. "भट्टीवर, ठमाईच्या खोपटात. आतल्या बाजूला."

"तिथे तो पाहणार कोण? म्हातारीला अक्षरओळखही नाही."

"मग तुम्हालाच वाचून दाखवावा लागेल."

व्यापाऱ्याने सुनेकडे पाहिले. सून आपल्या पदराच्या काठाकडे फार लक्षपूर्वक पाहत होती.

तिघे डोंगर चढून गेले. पट खोपटात टांगला गेला. व्यापाऱ्याने राजसभेतल्याच आवाजात तो वाचला. ठमाई नाचणी पाखडत ऐकत होती.

"बारा वर्सं? तवर मी ऱ्हाते व्हय!" ती म्हणाली. "बेटावर झाडं लावतायसा, ब्येस झालं. पर शेट, हितल्या राईला गेरू लागलाय. त्यो ऱ्हाणार, का पुसायचा?"

सात राजांपुढे न अडखळलेला व्यापारी इथे अडखळला. "ती लाकडं... ती आधीच ठरली आहेत. शपथ त्यानंतरची आहे."

"आसं व्हय," म्हणत म्हातारीने झऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या, पानी प्या. लई चढ चढून आलायसा."

व्यापाऱ्याने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. आचार्य सुनेला म्हणाले, "चल पोरी, आपण उतरू."

वाटेत तिने विचारले, "गुरुजी, एवढे सात राजे होते. हा प्रश्न त्यांतल्या एकालाही कसा सुचला नाही?"

"तुझ्या लग्नात किती माणसे होती?"

"हजारभर तरी."

"सप्तपदी सगळ्यांनी पाहिली. आता त्यांतले रोज समोर कोण असते?"

"एकच," ती हसली. "आणि तोही घोरतो."

आचार्यही हसले. "तरी वचनाचा जाब तोच मागेल, हजार पाहुणे नव्हेत. ते जेवून गेले. राजेही टाळ्या वाजवून उठले. तुझ्या सासऱ्याची शपथ मनापासूनचीच आहे, मुली. फक्त तिचा जाब सकाळी उठून विचारणारे कुणी नव्हते. पट तिथे टांगला तो यासाठी."

तिन्हीसांजेला व्यापारी घरी आला. उपरणे लालभडक झालेले पाहून सासूबाई ओरडल्या, "अहो, अंगावर पान थुंकलं का कुणी?"

"गेरू आहे. सगळी राई पुसली. यंदा कोळसा कमी पडणार, लोहारांच्या शिव्या खाव्या लागतील." तो पायरीवर टेकला. "बेटावर जाणारी निम्मी रोपं इथेच उतरवायला सांगतो. ठमाईच्या हाताखालची माणसं ती वाढवतील." मग सुनेकडे न पाहता तो म्हणाला, "एक जांभूळ मात्र पुसता पुसेना. कुणीतरी वर कुंकूही लावलं होतं."

"द्या मामंजी, उपरणं मी धुते," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ते धुतले. डाग पुरता गेला नाही. तिने फार चोळलेही नाही.

मोठी शपथ घ्यावी जरूर. पण आधी ती अशा माणसाला ऐकवावी, जो उद्या सकाळी आपल्याला पाण्याचा तांब्या देणार आहे.